काळी गाडी, जाळीदार बॉनेट आणि तीन कोटेशनं

या वेळचं पत्र वाकडहून आलंय. थोडं कापून देतोय, बाकी त्यांच्याच शब्दांत.

"दादा नमस्कार. तीन वर्षांपूर्वी काळी सेडान घेतली. घरात सगळे म्हणत होते पांढरी घे, काळी सांभाळणं तुला जमायचं नाही, पण मी हट्टाने काळीच घेतली. आता रात्री पेट्रोल पंपावर लाइटखाली उभी केली की बॉनेटवर, छतावर, दारांवर सगळीकडे गोल गोल कोळ्याचं जाळं दिसतं. उन्हात तर बघवत नाही. गाडी कुठे घासलेली नाही, ठोकलेली नाही. सोसायटीतले एक काका रोज सकाळी पुसतात, महिन्याला ६०० रुपये. तीन ठिकाणी विचारलं. चौकातला डेंटिंग-पेंटिंगवाला म्हणतो १५०० मध्ये रबिंग-पॉलिश मारून देतो, दोन तासांत नवी. शोरूमवाले म्हणतात २८ हजारांचं सिरॅमिक करा, पाच वर्षं टेन्शन नाही. आणि बाणेरचा एक डिटेलिंग स्टुडिओ म्हणाला १३ हजार, गाडी दोन दिवस ठेवावी लागेल, आणि वर हेही म्हणाला की सगळे ओरखडे जाणार नाहीत. मग १३ हजार कशाचे? शिवाय गाडी माझी, पैसे माझे, आणि जिथे जाईन तिथे सगळे समजावतात मिस्टरांना. चांगला माणूस ओळखायचा कसा? दसऱ्याच्या आधी करून घ्यायचंय, आणि दसऱ्याला सासूबाई बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात, त्याचं काय करू तेही सांगा. यूट्यूब बघून मिस्टर म्हणतायत मशीन मागवू, घरीच करू. — काळी गाडीवाली, वाकड."

ताई, आधी मिस्टरांना सांगा मशीन मागवू नका. म्हणजे शिकायला हरकत काहीच नाही, पण काळ्या गाडीवर शिकू नका, एखादा भंगारातला बॉनेट आणा, त्यावर महिनाभर हात बसवा आणि मग बोलू. ऑनलाइन अडीच-तीन हजाराला जी मशीनं मिळतात ती बहुतेक रोटरी असतात, एकाच जागी गरागरा फिरणारी, आणि नवख्या हातात रोटरी म्हणजे कडेचा, कोपऱ्याचा रंग दोन मिनिटांत खाली पत्र्यापर्यंत. तिथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो ना.

आता जाळ्याबद्दल. हे ओरखडे खरं तर गोल नसतातच. सगळ्या दिशांना गेलेले अगदी बारीक सरळ-वाकडे ओरखडे असतात, पण एका बल्बचा किंवा सूर्याचा उजेड पडला की त्यातले जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात आणि बल्बभोवती गोल जाळं दिसतं. मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरून हलवून बघा, जाळंही टॉर्चबरोबर सरकेल. आणि हे फक्त तुमच्याच गाडीवर आहे असं अजिबात नाही, शेजारच्या पांढऱ्या गाडीवरही एवढेच असतील, पांढऱ्यावर उजेड सगळीकडूनच परत येतो म्हणून ते दिसत नाहीत, काळ्यावर मागे अंधार असतो म्हणून प्रत्येक रेघ उठून दिसते. त्यामुळे घरचे म्हणत होते ते अर्धंच खरं, काळी जास्त खराब होत नाही, काळी फक्त लपवत नाही.

ओरखडे कुठून आले हे तुम्ही पत्रात स्वतःच लिहिलंय बघा. रोज सकाळी, एक बादली, एक फडकं, दहा-बारा गाड्या. काकांची चूक नाही त्यात, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. आपल्याकडे वाकड-हिंजवडी पट्ट्यात एवढी बांधकामं चालू आहेत की रात्रीत गाडीवर बारीक वाळूचा थर बसतो, ती वाळू ओल्या फडक्याखाली धरून काका गाडीभर फिरवतात, मग तेच फडकं त्याच बादलीत बुचकळून पुढच्या गाडीला. वर्षाला तीनशे-साडेतीनशे वेळा म्हणजे काय होणार. कव्हर घालत असाल तर तेही कारण, वाऱ्याने कव्हर हलतं आणि खालची धूळ घासत राहते.

हे ओरखडे असतात क्लिअर कोटमध्ये, म्हणजे काळ्या रंगावर जो पारदर्शक थर असतो त्यात. आणि इथेच सगळ्या कोटेशनांची किल्ली आहे म्हणून जरा आकडे सांगतो. कंपनीतून येणाऱ्या गाडीवर प्रायमर, रंग, क्लिअर कोट सगळं धरून साधारण ९० ते १४० मायक्रॉन जाडी असते आणि त्यातला क्लिअर कोट असतो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाहूनही पातळ. पॉलिश करणं म्हणजे ओरखडा "भरणं" नव्हे, ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट त्याच्या तळापर्यंत घासून खाली आणणं. नीट केलेल्या दोन स्टेपच्या कामात (आधी जाडसर पॉलिश, मग बारीक) साधारण ३ ते ५ मायक्रॉन जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. रंगाला उन्हापासून जपणारं जे काही असतं तेही याच थरात असतं, तो फार पातळ झाला की चार-पाच वर्षांनी छतावर पांढरे चट्टे येऊन पापुद्रे सुटायला लागतात, पाहिले असतील तुम्ही जुन्या टॅक्सींवर.

म्हणून माझं एकच मोजमाप आहे डिटेलर, म्हणजे गाडीची बारीक साफसफाई-पॉलिश करणारा माणूस, निवडताना: जो माणूस कमीत कमी काढायचं बोलतो त्याला गाडी द्या. बाणेरवाल्याने "सगळे जाणार नाहीत" म्हटलं म्हणून तुम्ही नाराज झालात, मला मात्र तिन्हीत तोच एक बरा वाटला. का ते सांगतो, पण आधी बाकीचे दोघे.

१५०० वाल्याचं रबिंग-पॉलिश. तो लबाड आहे असं नाही म्हणत मी, डेंटिंग-पेंटिंगच्या कामात ही माणसं कसलेली असतात, टचिंग करावं तर त्यांनीच. पण दोन तासांत अख्खी गाडी म्हणजे एक रोटरी मशीन, एक लोकरीचा बफ (जो कदाचित आदल्या गाडीवरूनही तसाच आलेला), जाडसर कंपाउंड (घासणारी पेस्ट), आणि शेवटी वरून तेलकट पॉलिश. हातात मिळेल तेव्हा गाडी खरंच आरशासारखी दिसते. मग दोन-तीन धुण्यांत ते तेल उतरतं आणि खालून जुनं जाळं परत येतं, सोबतीला होलोग्राम, म्हणजे बफ जसा फिरला तसे उन्हात दिसणारे ढगाळ पट्टे. काळ्यावर ते जाळ्यापेक्षाही वाईट दिसतात. आणि काचेच्या रबराला, बंपरच्या काळ्या प्लॅस्टिकला कंपाउंड लागून पांढरे डाग, जे टूथब्रशने घासूनही जात नाहीत. मुळात पांढऱ्या किंवा सिल्व्हर गाडीला हे सगळं खपून जातं, म्हणून त्याचाही समज असतो की आपलं काम चांगलंच आहे.

शोरूमचं २८ हजारांचं सिरॅमिक. इथे एक प्रश्न विचारा फक्त: कोटिंगच्या आधी पेंट करेक्शन (म्हणजे पॉलिशने ओरखडे काढणं) किती तासांचं करणार आणि कुठल्या मशीनवर? समोरचा ॲडव्हायझर गडबडला तर समजून जा. सिरॅमिक कोटिंग हा एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा पारदर्शक थर असतो, तो ओरखडे काढत नाही, झाकतही नाही, उलट जाळ्यावर मारला तर जाळं आतमध्ये सील होऊन बसतं आणि नंतर काढायचं तर आधी २८ हजारांचं कोटिंग घासून काढायचं. "९एच हार्डनेस" जे सांगतात ते पेन्सिलीच्या परीक्षेतलं माप आहे, ९एच पेन्सिलीने रेघ उठत नाही एवढाच त्याचा अर्थ, बांधकामाच्या वाळूला त्याचं काही सोयरसुतक नाही. पाच वर्षांच्या वॉरंटीचा कागद मागा आणि बारीक अक्षरं वाचा, बहुतेक ठिकाणी दरवर्षी पैसे देऊन मेंटेनन्स करून घ्यायची अट असते आणि ओरखडे वॉरंटीत नसतातच. मी कोटिंगच्या विरोधात नाही हं, पाणी ओघळून जातं, चिखल पटकन सुटतो, पावसाळ्यात धुवायला सोपं पडतं, पक्ष्याची घाण लगेच खात नाही. पण ते करेक्शननंतरचं काम आहे, करेक्शनच्या ऐवजी नाही.

आता चांगला माणूस शोधायचा कसा. रील्सवरून शोधू नका एवढं आधी. स्टुडिओच्या छताला ते षटकोनी एलईडी लावलेले असतात ना, त्यांच्या प्रतिबिंबात कुठलीही गाडी भारी दिसते, कारण तो पसरट उजेड असतो आणि पसरट उजेडात जाळं लपतं. ट्यूबलाइटखालीही तेच. जाळं दिसतं एका बिंदूतून येणाऱ्या उजेडात, म्हणजे ऊन किंवा हातातला एलईडी टॉर्च. म्हणून ज्यांच्याकडे काळी गाडी आहे आणि जे तिच्याबद्दल तुमच्याइतकेच हळवे आहेत अशांना विचारा, ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक तरी असतोच, आणि काम होऊन सहा महिने झालेली गाडी दुपारच्या उन्हात बघा. काम झालं त्याच दिवशीचा फोटो कुणाचाही चांगलाच येतो.

मग दोन-तीन जागा निवडून स्वतः जा, न सांगता, कामाच्या दिवशी, सकाळी अकरा-बाराला. पॉलिश चालू असलेली एखादी गाडी बघू द्या म्हणा. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही, उलट तो दाखवत बसतो, मग तुम्हालाच निघवत नाही. आत गेल्यावर बघायचं काय तर गाडीच्या रबरांना, लोगोला, प्लॅस्टिकला मास्किंग टेप लावलीय का. पॅड किती आहेत, कारण फोमचं पॅड कंपाउंड आणि निघालेल्या क्लिअर कोटने भरतं, ते सारखं साफ करावं लागतं आणि बदलावं लागतं, एका पॅडवर अख्खी गाडी करणारा कामाचा नाही. मायक्रोफायबर जमिनीवर पडलं तर पोरगा ते झटकून परत वापरतोय की बाजूला टाकतोय, हे मी तर सगळ्यात आधी बघतो. रोटरी दिसली म्हणून घाबरू नका, ती जाणत्या हातात वाईट नसते, पण शेवटचा हात ड्युअल ॲक्शन मशीनने फिरवत असावा, तिची प्लेट फिरता फिरता डुलतेही त्यामुळे एकाच रेषेत घासलं जात नाही आणि होलोग्रामची भीती बरीच कमी होते. मेंझेर्ना, रुपेस, कोख-केमी, थ्रीएम, मेग्वायर्स अशा कंपन्यांचे पॉलिशचे डबे मांडलेले दिसतील, ते बघून इम्प्रेस होऊ नका. डबे कुणालाही विकत मिळतात.

खरी गंमत बोलण्यात कळते. चांगला माणूस भाव सांगायच्या आधी तुम्हालाच प्रश्न विचारतो. गाडी उन्हात उभी असते की बेसमेंटला, रोज कोण पुसतं, पाणी बोअरचं की टँकरचं, आधी कधी पॉलिश झालंय का, एखादं दार किंवा बंपर रिपेंट आहे का. मग टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरतो आणि पेंट गेज लावतो. हे गेज म्हणजे रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र. ते दाखवतं ती एकूण जाडी बरं का, ११० आलं म्हणजे ११० क्लिअर कोट नव्हे, त्याचा उपयोग तुलनेपुरता, सगळ्या पॅनलवर १०० ते १२० येतंय आणि एकाच दारावर २२० आलं की ते दार पुन्हा रंगवलंय, आणि एखाद्या जागी ७५-८० आलं तर तिथे कुणीतरी आधीच भरपूर घासून ठेवलंय, हात जपून. बंपर प्लॅस्टिकचा असल्यामुळे साधं गेज तिथे काही दाखवत नाही, त्याने बंपरवरही आकडा "वाचून" दाखवला तर हसून बाहेर या. गाडी न बघता व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून फायनल रेट देणारा असेल तर त्याच्याकडे जायचं कारण नाही.

यानंतर टेस्ट स्पॉट मागा. बॉनेटवर दोन फुटांचा चौकोन टेपने आखायचा आणि त्यातच काम करून दाखवायचं. जाणकार माणूस इथे सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिशपासून सुरू करतो, जाळं त्यातच गेलं तर तिथेच थांबतो, नाही गेलं तरच एक पायरी वर चढतो. जो पहिल्याच फटक्यात लोकरीचं पॅड आणि हेवी कट, म्हणजे सगळ्यात जाड कंपाउंड, काढतो तो त्याचा वेळ वाचवतोय, तुमच्या क्लिअर कोटच्या पैशाने. धंद्यातले लोक म्हणतात जपानी गाड्यांचा काळा रंग बहुधा मऊ आणि जर्मन गाड्यांचा कडक, मऊ रंगावर ओरखडे पटकन उठतात आणि पटकन जातातही पण शेवटची सफाई अवघड, पॅडचाच धुरकटपणा राहतो, कडक रंगाचं उलटं. त्यामुळे एकच फॉर्म्युला सगळ्या गाड्यांना लावणारा डोळ्यांनी बघत नाहीये असं धरा.

चौकोन झाला की लगेच वा म्हणू नका. त्याला म्हणा आता आयपीए मारून पुसा. आयपीए म्हणजे पाणी घालून पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, पॅनल वाइपही म्हणतात, त्याने पॉलिशमधलं तेल आणि ओरखडे तात्पुरते भरणारे फिलर निघून जातात. पुसल्यावरही टॉर्चखाली चौकोन साफ राहिला तर ओरखडे खरंच गेलेत, जाळं परत दिसलं तर ते फक्त भरले होते. या एका मागणीने निम्मे लोक गळतात. पुण्यातल्या स्टुडिओत आता हा शब्द नवीन नाही, कुणी "ते काय असतं मॅडम" म्हणालं तर उत्तर मिळालंच तुम्हाला.

आणि मिस्टरांना समजावतात त्याबद्दल: दुसऱ्यांदा जाताना एकट्या जा. त्यातूनही कुणी म्हणालं की "सरांना पाठवा, त्यांना टेक्निकल सांगतो" तर तिथून सरळ निघा, वाद घालत बसू नका, ज्याला ग्राहक कोण हे दिसत नाही त्याला मायक्रॉन काय दिसणार. टॉर्च तुमच्या हातात असू द्या. स्वतःचाच न्या, घरगुती एलईडीचा चालतो.

"सगळे जाणार नाहीत" हे खरं का ते आता कळेल. नख आडवं फिरवून बघा, नख जिथे अडकतं तो ओरखडा पॉलिशने जायचा नाही, तो घालवायचा तर तेवढा थर खाली न्यावा लागेल आणि तेवढा थर नाहीच. दाराच्या हँडलमागे नखांचे असतात ते, किल्लीचे, बाइकवाल्याने घासलेले, त्यातले बरेच कमी दिसतील एवढंच. जाळं मात्र ८०-९० टक्के जायला हवं आणि काळी गाडी रोज वापरायची असेल तर तेवढ्यावर थांबणंच शहाणपणाचं. शंभर टक्के म्हणणाऱ्याला विचारा किती मायक्रॉन काढणार, आणि काम झाल्यावर तेच गेज परत लावून दाखवणार का.

१३ हजारांचं म्हणाल तर दोन दिवसांच्या टू-स्टेप कामाला सेडानसाठी हा भाव मला जास्त वाटत नाही, माझा अंदाज १० ते १५ च्या मधला असतो. पण तुमच्या गाडीला टू-स्टेप लागेलच असं नाही. टेस्ट स्पॉट एका स्टेपमध्ये साफ झाला तर वन-स्टेपचा रेट मागा, तो ५ ते ७ हजारांत बसायला हवा, आणि क्लिअर कोटही वाचेल. यात काय काय धरलंय ते लिहून घ्या: नीट धुणं, आयर्न रिमूव्हर (ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण विरघळवतो, फवारल्यावर जांभळे ओघळ येतात, घाबरू नका), क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी), मास्किंग, पॉलिश, आयपीए, आणि वरून सीलंट किंवा वॅक्सचा संरक्षक थर. क्ले न फिरवता थेट पॉलिशला लागणारा माणूस चिकटलेली घाणच रंगावर घासत असतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके हे वेगळं प्रकरण आहे, त्यांना वेगळं ॲसिडिक क्लीनर लागतं, ते पॉलिशने घासून काढत बसू नये, हेही आधीच दाखवून ठेवा.

पीपीएफचं (पेंट प्रोटेक्शन फिल्म) तुम्ही विचारलं नाहीत पण तिथे गेल्यावर कुणीतरी विकायला बघेलच. दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्म असते, बारीक ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने भरून येतात, वस्तू खरंच चांगली आहे. पण अख्ख्या गाडीला लाखाच्या आसपास आणि वरही जाते, तीन वर्षांच्या सेडानला मी सुचवणार नाही. फारच मन असेल तर करेक्शननंतर फक्त बॉनेटला आणि दाराच्या हँडलमागच्या वाट्यांना लावा.

दसऱ्याचं. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात कुठल्याच चांगल्या स्टुडिओत जाऊ नका, नवीन गाड्यांच्या डिलिव्हरीची झुंबड असते, सगळ्यांना पूजेआधी कोटिंग हवं असतं आणि घाईत पहिली काटछाट होते ती पॉलिशच्या तासांची. पितृपंधरवड्यात मात्र नवीन गाडी सहसा कुणी घरी आणत नाही, स्टुडिओ त्यामानाने निवांत असतात, मालक स्वतः मशीन धरतो, भावातही थोडं इकडे-तिकडे होतं. तेव्हाचीच तारीख घ्या. सासूबाईंनी पंधरवड्यात शुभकार्य नको म्हटलं तर सांगा हे शुभकार्य नाही, ही धुलाई आहे. स्वस्तिक त्यांना काढू द्या, फक्त समोरच्या काचेच्या कोपऱ्यावर किंवा नंबरप्लेटवर, काचेला कुंकू काही करत नाही. रंगावर ओलं कुंकू-हळद उन्हात वाळलं की डाग धरतं, आणि दुसऱ्या दिवशी ते वाळलेलं कुंकू कुणीतरी फडक्याने खरवडून काढतं ते आणखी वाईट. अगदी बॉनेटच हवा असं म्हणाल्या तर तासाभरात भरपूर पाणी ओतून काढा, घासायचं नाही. झेंडूचा हार बांधताना सुतळी किंवा तार रंगाला टेकणार नाही एवढं बघा.

आता काका. हे आधी मिटवलं नाहीत तर १३ हजार तीन महिन्यांत परत जाळ्यात जातील. काकांना काढू नका, ६०० रुपये तेवढेच द्या आणि सांगा की बाहेरून हात लावायचा नाही, रोज फक्त काचा, टायर आणि आठवड्यातून एकदा आतली सफाई. त्यांनाही बरंच. धूळ बसली तर बसू द्या, नुसती धूळ बसून गाडी खराब होत नाही, ती पुसल्याने होते. आठवड्या-दहा दिवसांनी रविवारी सकाळी ऊन यायच्या आत सावलीत धुवा: आधी नुसत्या पाण्याने जोरात, मग शक्य असेल तर फोम, मग दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) खंगाळायची, वरून खाली यायचं, छत आधी आणि दाराचा खालचा भाग सगळ्यात शेवटी कारण चिखल तिथे असतो. कार शाम्पूच वापरा, भांड्यांचं लिक्विड वॅक्स आणि सीलंट काढून टाकतं. वाळवायला मोठा मऊ मायक्रोफायबर, गाडीवर पसरून टिपायचा, घासायचा नाही. सोसायटी पाईप लावू देत नसेल तर रिन्सलेस वॉश नावाचं लिक्विड मिळतं, एका बादलीत आणि पाच-सहा टॉवेलांत गाडी होते, पाणीटंचाईत मी त्यावरच काढतो. डिकीत ती पिसांची किंवा धाग्यांची झटकणी असेल तर आजच काढून टाका. आणि सर्व्हिसिंगला गाडी द्याल तेव्हा जॉब कार्डवर ठळक "वॉश नको" लिहून घ्या आणि बोलूनही सांगा, कारण तिथे फुकटच्या धुण्याला कोणत्या गाडीचं फडकं येईल याचा नेम नाही.

गाडी ताब्यात घ्यायला संध्याकाळी जाऊ नका, सकाळी दहाच्या पुढे जा आणि स्टुडिओच्या बाहेर उन्हात काढायला सांगा. बॉनेट, छत, डिकी आणि दारं तिरक्या नजरेने, बसून, उभं राहून बघा. कडांवर रंग फिकट वाटतोय का, रबरांवर पांढरं आहे का, दारांच्या फटींत कंपाउंडचा चुरा राहिलाय का. दोन-तीन जागा राहिल्या असतील तर तिथेच दाखवा, चांगला माणूस मशीन घेऊन बाहेर येतो. पैसे त्यानंतर द्या, आणि बिल घ्या, त्यात "टू-स्टेप करेक्शन" की "वन-स्टेप" ते लिहिलेलं हवं, म्हणजे दोन-तीन वर्षांनी पुढचा डिटेलर विचारेल तेव्हा तुमच्याकडे उत्तर असेल.

झालं की मला फोटो पाठवा. उन्हातला पाठवा, सावलीतला नको.